नृसिंहरावांच्या करवतीची नळी

"आमटीत सागवान आहे," माई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी नृसिंहरावांच्या पुढ्यात आदळली.

नृसिंहरावांनी चमच्यानं ढवळून पाहिलं. "सागवान नव्हे, शिसम," ते म्हणाले. ही दुरुस्ती त्यांनी करायला नको होती.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरामागच्या कोठीत विजेची करवत बसवली होती. वर्षभरात तीन पाट तयार झाले. पैकी एकावर बसता येत होतं. भुसा मात्र भरपूर. दाराच्या फटीतून निघून तो ओट्यावर, डब्यांवर, परवा तर देवांच्या डोक्यावर जाऊन बसला होता.

"नीट ऐका. उद्यापासून माझ्या ओट्यावर भुशाचा एक कण दिसला, तर करवत भंगारात! मी स्वतः उचलून देईन."

माई बोलल्या की करतात, हा चाळीस वर्षांचा अनुभव होता. आणि 'इथं नका बसू' असं जिथं नृसिंहरावांना कुणी म्हणत नव्हतं, अशी घरात ती कोठी एकच उरली होती. नृसिंहराव तिरीमिरीत उठले.

करवतीच्या पोटाखाली भुसा पडायला एक तोंड होतं. त्याला सूनबाईंच्या, म्हणजे वल्लरीच्या, व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली की काम संपलं. पण तोंड जाड, नळी बारीक. करवत बनवणाऱ्याचं आणि क्लीनर बनवणाऱ्याचं आपसात बोलणं बंद असावं. त्या दोघांवर मनसोक्त चिडून नृसिंहराव हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"पीव्हीसीचा रिड्यूसर द्या. जाड तोंडाला बारीक नळी जोडायचा."

"बोअरला बसवायचाय व्हय, पावणं?"

"करवतीला!"

"करवतीला पाणी कशाला लागतंय?"

"पाणी नाही हो! भुसा! भुसा ओढायचाय!"

"मग ओढा की. माझ्यावर का वरडतायसा?"

रिड्यूसर आणला, तो ढिला झाला. त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून क्लिप आवळली. आता नळी घट्ट बसली, पण ओढ कमी. प्रवाहाला कुठं तरी अडथळा आहे, हे पाटबंधारेवाल्याला सांगावं लागत नाही. त्यांनी क्लीनरचं झाकण उघडलं. आत एक कापडी गाळणी होती. हाच तो बांध! त्यांनी ती काढून बाजूला फेकली.

गाळणीखाली डब्यात चांगली चार बोटं तांबडी भुकटी होती. मुलगा आणि सून रविवारी जोतिबाला जाऊन आले होते. गाडी झाडताना वल्लरीनं गुलाल ओढून घेतला असणार. देवाचा गुलाल कचऱ्यात कसा टाकायचा? नृसिंहरावांनी तो होता तिथंच राहू दिला आणि चिमूटभर कपाळाला लावला. वास आला नाही. भुशानं महिनाभर नाक बंदच होतं. घाम आल्यावर कपाळ चुरचुरलं. देवस्थान जागृत आहे, असं ते मनाशी म्हणाले.

कोठीतला एकुलता प्लग करवतीनं अडवलेला. म्हणून क्लीनर स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी ठेवला.

"अगं, ये आता! एक तरी कण दाखव मला!"

माई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नृसिंहरावांनी दोन्ही यंत्रं चालू केली. तीन सेकंद काहीच झालं नाही. मग क्लीनरच्या पाठीतून तांबडा लोट निघाला आणि थेट छताला लागला. माई "अहो" एवढंच म्हणाल्या. पुढचं वाक्य शिंकेनं खाल्लं.

आतल्या खोलीतून वल्लरी ओढणीनं डोळे पुसत धावत आली.

"बाबा! माझी मीटिंग चाललीय! सगळे विचारतायत, घरात कोण गेलं म्हणून!"

"गुलाल आहे गं, जोतिबाचा," नृसिंहराव खोकत म्हणाले.

"हे तिखट आहे, बाबा! माझ्या क्लीनरमध्ये तिखट आलं कुठनं?"

या प्रश्नासरशी माईंची शिंक एकदम थांबली.

तेवढ्यात समोरची, मिरची कांडपाचा डंका चालवणारी बनाबाई दारात उभी राहिली. "काय चाललंय काय? गल्ली खोकून बेजार झाली की!" म्हणत तिनं छाती भरून श्वास घेतला. तसा श्वास घेऊ शकणारी त्या घरात ती एकटीच होती. ओट्यावरचं चिमूटभर उचलून तिनं जिभेवर ठेवलं.

"निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी. माई, ह्ये तर तुमचंच तिखट! मीच कांडून दिल्यालं!"

"असेल," माई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

"असंल? परवा समद्या गल्लीदेखत म्हटलासा, बनाबाई, दीड किलो कमी दिलंस! माझी चार गिऱ्हाइकं मिरच्या म्हागारी घिऊन गेली! आन् तिखट हितं, मशिनीच्या प्वाटात?"

"आई," वल्लरी हळूच म्हणाली, "तो तिखटाचा जड डबा एकटीनं उचलू नका म्हटलं होतं ना मी?"

माईंनी नृसिंहरावांकडं पाहिलं. नृसिंहरावांना सगळं समजलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमटीतल्या कणावरून मला धमकी, आणि स्वतः दीड किलो लपवलंस! पण उभी हयात पाणी वळवण्यात गेलेला माणूस. ते माईंच्या कानाशी वाकले.

"करवत?"

"राहू दे," माई दात आवळून पुटपुटल्या.

"कायमची?"

"कायमची! बोला आता!"

नृसिंहरावांनी घसा साफ केला. "बनाबाई, डबा माझ्या हातून पडला. मीच मशीननं ओढलं आणि घरात सांगितलं नाही."

"तुम्ही? धरणं बांधलासा म्हनं! एक डबा धरवंना? चला, त्या चारी घरी माझ्यासंगं चला आन् ह्येच सांगा!"

"बघ बाई," माई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "कसे दिवस काढते मी!" हे वाक्य करारात नव्हतं.

तांबडं कपाळ घेऊन नृसिंहराव चार दारी जाऊन आले. चौथ्या दारी तर त्यांना पाणीही विचारलं नाही. संध्याकाळी तावातावानं त्यांनी गाळणी बसवली आणि करवत सुरू केली. पण हिसक्यांनी क्लिप निसटली, रिड्यूसर सुटला आणि भुसा नेहमीच्या वाटेनं ओट्यावर जाऊन बसला.

माई आल्या. त्यांनी ओटा पाहिला, फडकं घेतलं, पुसला. पुन्हा भुसा बसला, पुन्हा पुसला. मग कढई उचलून शेगडीवर ठेवली. हळू. जराही आवाज न करता.

"अगं, काही तरी बोल की," नृसिंहराव दारातून म्हणाले.

"मी कशाला बोलू? चालू द्या तुमचं," माई अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

नृसिंहरावांनी पाच मिनिटं धीर धरला. मग, कुणीही सांगितलेलं नसताना, त्यांनी करवतीचा प्लग काढला.