एकोणतीस तारखेची घंटा

कंपनीचं फ्रेमवर्क साऱ्या जगाला मोफत खुलं करायचं, कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, असं वॉल्टर साहेबांनी येर्बा मातेचा कडू काढा ओढता ओढता ठरवलं. (माँटेव्हिडिओत निम्मे निर्णय थर्मासमधलं पाणी गार होईपर्यंतच टिकतात. हा नेमका टिकला.) फ्रेमवर्क म्हणजे आमचे सगळे प्रोग्रॅम ज्यावर उभे आहेत तो सांगाडा. तो मी लिहिलेला, आणि आत काय दडलंय ते फक्त मलाच ठाऊक.

माझी पाचावर धारण बसली. कारण आतली एक ओळ दर एकोणतीस तारखेला, काहीही बिघडलेलं नसताना, माझ्या फोनवर धोक्याची घंटा वाजवायची. एकोणतीसला आमच्याकडे घरोघर न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, खातात, नशीब फळफळावं म्हणून ताटाखाली नोट ठेवून. आमच्यासाठी त्या सासूबाई करतात, त्यांच्या घरी. त्यांची एकेक न्योकी पोटात मुक्काम ठोकते, आणि तोंडी लावायला प्रश्न असतो, "जावईबापू, बढती कधी?" म्हणून घंटा वाजली की मी "सर्व्हर पडला!" म्हणत धूम ठोकायचो. (कोपऱ्यावरच्या बारमध्ये, फुटबॉल बघायला.)

बायको निबिया मात्र खूश. "बरं झालं! आता बाहेरचे लोक दुरुस्त करतील, तू निवांत जेव."

एवढ्या पसाऱ्यात कोण बघतंय, म्हणून मी ती ओळ राहू दिली.

एकोणतीस तारीख आली. दोन न्योकी उतरल्या तरी घंटा नाही. मग फोन वाजला, पण साहेबांचा. निबियाने कौतुकाने स्पीकर लावला.

"मिल्टन, अभिनंदन! असुन्सियोनच्या एका मुलीने आपला कोड वाचला. एकोणतीसची घंटा तुझ्याच एका ओळीमुळे वाजत होती! बिघाड नव्हताच रे कधी. तिने काढून टाकली ती ओळ. आता जन्मभर न्योकी खा!"

निबियाने काटा खाली ठेवला. "म्हणजे सर्व्हर कधी पडलाच नव्हता?"

"तसं नाही... म्हणजे..."

"मिल्टन!"

सर्व्हर नाही, पण माझा संसार पडायच्या बेतात होता. मी घाबरत सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काढली? कायमची?"

"हो."

"अगं बाई! म्हणजे हा आता दर महिन्याला इथेच?"

"आई!"

"आई काय? हा गेला की आपण पत्ते काढतो, चांगली वाइन उघडतो. हा असला की सांगाड्याच्या गोष्टी ऐकत बसायचं. जावईबापू, बढती राहू द्या, पण ती ओळ परत घाला."

निबियाला हसू आवरेना. माझा जीव भांड्यात पडला. इतका मोकळा श्वास मी त्या घरात कधी घेतला नव्हता. तिथेच बसून त्या मुलीला विनंती पाठवली. तिने कारण विचारलं. मी शब्द जुळवतोय तोच सासूबाईंनी फोन ओढून लिहिलं, "कुटुंबाच्या सुखासाठी."

मुलीचं लगेच उत्तर आलं, "समजलं. रविवारचीही घालू का?"

सासूबाईंनी माझ्याकडे न बघताच "हो" लिहिलं.