दौलततात्यांची ट्रायल

दौलततात्या स्टीलचा पेला लावून मोटारसायकल ऐकायचे. पेल्याचं तोंड इंजिनावर, बूड कानाला आणि डोळे मिटलेले. इंजिन तापलं की पेलाही तापायचा, मग तात्या कान बदलायचे. ऐकून झालं की निदान सांगायचे, "तब्येत बरी हाय," नाहीतर "आज जरा नाराज हाय."

जळोचीत मी भाड्यानं खोली घेतली तेव्हा ते माझे शेजारी झाले. मी शाळेत नवा होतो, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणत. ते स्वतः एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत उभं राहून त्यांना ऐकायची सवय लागली असावी. पेला फक्त गाडीपुरता नव्हता. कलिंगड, विहिरीवरची मोटर, त्यांच्या बायकोचं, म्हणजे मंदाकाकूंचं शिलाई मशीन, सगळ्यांची तब्येत ते पाहायचे. माझा पंखा ऐकून त्यांनी तो आठ दिवसांचा सोबती असल्याचं सांगितलं होतं. तो पंखा माझ्या घरी अजून फिरतो. तात्यांचं निदान बहुतेक वेळा चुकायचं, पण ते इतक्या काळजीनं सांगायचे की चूक काढायला जीव व्हायचा नाही.

गाडीबद्दल मात्र कुणी वाकडा शब्द काढलेला त्यांना खपायचा नाही. एकदा कारखान्यातल्या कुणीतरी तिला खटारा म्हटलं, तर त्या माणसाशी ते महिनाभर बोलले नाहीत. बाहेर उन्हात उभी करायची झाली तर सीटवर काकूंच्या जुन्या लुगड्याची घडी टाकायचे.

अशा गाडीचं ऑइल गॅरेजवाला बदलायचा. त्या वर्षी तात्यांनी त्याच्याकडे जुनं ऑइल पाहायला मागितलं. त्यात गाडीनं काय काय सोसलंय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. गॅरेजवाला हसला आणि ते डब्यात ओतून मोकळा झाला. तात्या घरी आले ते ठरवूनच. येत्या रविवारी ऑइल आपल्या हातानं बदलायचं.

रविवारी सकाळी त्यांनी मला जयभीम घातला आणि अंगणात नेलं. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. खाली घमेलं, बाजूला पोतं, पोत्यावर पाने ओळीनं मांडलेले. माझ्याकडे कापडाची चिंधी देण्यात आली. हे काम दोघांपैकी कुणीही कधी केलेलं नव्हतं.

आधी इंजिन थोडं गरम केलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट उतरतं. मग तात्या पाठीवर आडवे झाले आणि बुडाचा बोल्ट फिरवू लागले. बोल्ट हलेना. बराच वेळ घाम गाळल्यावर लक्षात आलं की खालून बघताना दिशा उलटी झाली आहे, आणि ते इतका वेळ बोल्ट आवळत होते. दिशा बदलली तसा बोल्ट एकदम सुटला, त्यांच्या मनगटावर गरम ऑइल ओघळलं आणि बोल्ट घमेल्यात बुडाला. तात्यांनी हात झटकला.

काळं ऑइल उतरताना ते घमेल्याशेजारी उकिडवे बसून राहिले. बोट बुडवून, दोन बोटांत चोळून पाहिलं. "लई राबलंय," एवढंच म्हणाले.

मग बोल्ट शोधून, पुसून त्यांनी खिशात टाकला आणि वर्तमानपत्राचं नरसाळं करून नवं ऑइल ओतायला घेतलं. मधासारखी धार होती. ती पाहण्यात आम्ही दोघंही गुंगलो होतो. तेवढ्यात मला खाली घमेल्यात तसलीच सोनेरी धार पडताना दिसली.

"तात्या, खालून येतंय," मी म्हणालो.

त्यांनी खिसा चाचपला. बोल्ट खिशातच होता. डबा जवळजवळ रिकामा झाला होता. ते पायरीवर जाऊन बसले. काकू दारातून सगळं पाहत होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. जरा वेळानं तात्या म्हणाले, "आतनं धुऊन निघाली, मास्तर. बरंच झालं."

माझी सायकल घेऊन ते दुसरा डबा आणायला गेले. या खेपेला बोल्ट आधी बसवला आणि मला तीनदा हात लावून बघायला सांगितलं. ऑइल भरलं, गाडी चालू झाली, पेला लागला. तात्यांचा चेहरा फुलला. आता ट्रायल घ्यायची म्हणाले, एमआयडीसीच्या फाटकापर्यंत, आणि मला मागं बसवलं.

निघताना काकूंनी माझ्या हातात पिशवी दिली. आत शेंगदाण्याची चटणी आणि फडक्यात बांधलेली धपाटी होती. फाटकापर्यंत जायला धपाटी कशाला, असं मी विचारलं. काकू हळूच म्हणाल्या, "त्यांची ट्रायल लांबची असती."

फाटक मागे राहिलं आणि गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे ऊस आणि डाळिंबाच्या बागा. शेळगावात शिरल्यावर एका घरासमोर त्यांनी गाडी बंद केली, पटकन खाली बसले आणि प्लगची वायर ओढून हातात धरली. ती चांगली होती.

"बिघडली का?" मी विचारलं.

"न्हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लेकीच्या घरी सारखं सारखं मुद्दाम येणं बरं दिसत न्हाय, मास्तर. गाडी थांबली की येता येतं."

सुजाता ही त्यांची एकुलती मुलगी. लग्नाआधी तिला कॉलेजला ते रोज याच गाडीवर सोडायचे, हे मला काकूंकडून माहीत होतं. तात्या स्वतः कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात व्याही बाहेर आले. स्वभावानं मोकळा माणूस. तुमची गाडी नेमकी आमच्याच दारात कशी बंद पडते, असं त्यांनी हसत विचारलं. एवढं भंगार कशाला सांभाळता, विकून टाका, असंही म्हणाले. मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "व्हय, म्हातारी झालीय. काय राम न्हाय राहिला तिच्यात."

व्याही चहा सांगायला आत गेले. सुजाता पाण्याची बादली आणि धुण्याची पावडर घेऊन आली. वडिलांचे काळे हात तिनं पुढं ओढले आणि ओट्याच्या कडेला बसून घासायला लागली. मनगटावर लाल झालं होतं तिथं तिचा हात थांबला. कसं भाजलं ते तिनं विचारलं नाही, फक्त तेवढी जागा सोडून बाकीचं घासलं. तात्या लहान मुलासारखे हात पुढं करून बसले होते.

"दादा," ती मान वर न करता वडिलांना म्हणाली, "म्होरच्या रविवारी बी बिघडंल का?"

तात्यांनी घासून निघालेली नखं पाहिली.

"बिघडंल की," ते म्हणाले.

परतताना गाडी झकास पळत होती. तात्याच ती सावकाश चालवत होते.