वैरागडेंची दोरी

आमच्या शेजारचे वैरागडे चहाचा कप उचलायचे तेव्हा खाली ओट्यावर निळ्या ऑइलपेंटचा गोल दिसायचा. ती कपाची जागा. कढई, झारा, लाटणं, सांडशी, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची त्याची आकृती रंगवलेली असायची. "वस्तू जागेवर नसली की भिंतच चुगली करते, वहिनी!" हे त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितलंय.

हे खूळ त्यांनी कारच्या कारखान्यातून आणलं. आमचा भोपाळचा सरकारी कारखाना अवजड यंत्रं बनवतो, कारशी त्याचा काही संबंध नाही. पण कुणा साहेबाच्या मनात आलं आणि फोरमन वैरागडेंना महिनाभर पुण्याकडे पाठवलं, कमी वेळात जास्त गाड्या कशा बनवतात ते शिकायला. परतले ते 'मुदा' हा जपानी शब्द घेऊन. मुदा म्हणजे फुकट गेलेलं काहीही: वेळ, माल, पावलं. कारखान्यातल्या आपल्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, त्यांनी खरंच कमाल केली. पूर्वी एक पाना शोधण्यात अर्धी पाळी जायची, आता हात घातला की पाना. तिथवर ठीक होतं हो, पण माणूस संध्याकाळी घरी येतोच ना!

त्यांच्या बायको निर्मलाताई पोळ्या करायच्या आणि हे स्टुलावर बसून त्यांच्या फेऱ्यांच्या रेघा कागदावर ओढायचे. "बघ, फ्रिजपर्यंत बावीस वेळा! एवढ्यात बिट्टन मार्केटला जाऊन आली असतीस." भाजी रोजची रोज, लागेल तेवढीच, कारण साठा म्हणजे मुदा. भाजीवाला कपाळाला हात लावायचा, "साब, दो टमाटर? तौल के दूँ कि गिन के?"

त्यात ती दोरी. तिथल्या कारखान्यात म्हणे काही बिघडलं की कामगार दोरी ओढतो, काम थांबतं, साहेब धावत येतो आणि मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का?' विचारतो. वैरागडेंनी गॅसजवळ दोरी टांगली, वर पितळी घंटा. एकदा दूध उतू गेलं आणि निर्मलाताईंनी ती ओढली. आवाज ऐकून मीही गेले. वैरागडे अर्ध्या गालाला साबण लावून हजर.

"का उतू गेलं?"

"लक्ष नव्हतं."

"का?"

"दारात भाजीवाला होता."

"का?"

"घरात भाजीचं पान नाही म्हणून!"

"का?"

"तुम्ही ठेवू देत नाही म्हणून!"

"का?" सवयीनं निघून गेलं त्यांच्या तोंडून.

"कारण मी तुमच्याशी लग्न केलं!"

त्याच संध्याकाळी निर्मलाताई लेकीकडे नागपूरला निघाल्या. "भिंतीवरचा रंग निघेपर्यंत मी येणार नाही," दारातच बजावून गेल्या. मी मनातून टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू!

आठवडाभर वैरागडेंची ऐट बघण्यासारखी होती. "घर एकदम सुरळीत, वहिनी. बिघाड शून्य!" मग एका संध्याकाळी सहा वाजता घंटा वाजली. मी कणकेच्या हातानं धावले. वैरागडे दोरी धरून उभे.

"का ओढली, भाऊजी?"

"चहा जास्त झाला."

"का?"

"दोन कप केला."

"का?"

"रोजच होतो."

"अहो, पण का?"

ओट्यावर दोन निळे गोल होते. एकावर कप, दुसरा रिकामा. ते तिकडेच बघत राहिले. पाचवा 'का?' विचारायला माझी जीभ रेटेना, तर तेच म्हणाले, "करमत नाही हो."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी पत्र्यानं भिंती खरवडल्या आणि नागपूरला फोन लावला. निर्मलाताई आल्या, चपला दारात वाकड्यातिकड्या सोडल्या, आणि वैरागडे चक्क त्या ओलांडून आधण ठेवायला गेले. दोरीही काढायला लागले, तेव्हा निर्मलाताईंनीच हात धरला. "राहू द्या ती."

आता रोज संध्याकाळी सहा वाजता, चहा झाला की ती घंटा वाजते. वैरागडे असतील तिथून धावत येतात, आणि 'का?' म्हणून विचारत नाहीत.