तात्याचा कीवर्ड

आमच्या शेजारच्या दारावर पाटी हाय: 'तात्याचं घर. आष्टीतलं तात्याचं घर. तात्याचं घर कुठं आहे.' नवा पोस्टमन आल्ता तर पाटी वाचून दारातच उभा राह्यला, म्हणे घर हेच हाय का अजून इचारीत जायचं?

तात्या ब्लॉग लिहितेत. ब्लॉग म्हणजे मोबाइलमधली वहीच, फक्त ती जगात कुणालाबी उघडता येती. पण उघडायच्या आधी सापडली पायजे ना, तर तेच्यासाठी कीवर्ड लागतो, म्हणजे मानूस जे टाइप करून शोधतं तेच शब्द आपल्या लिखाणात पायजेत. पयल्या ओळीत एकदा, मधी दोनदा, शेवटी एकदा. हा कायदा तात्याच्या अंगात असा भिनला की बाजारातबी तसंच बोलतेत. "वांगे. आष्टीचे वांगे. आजचे ताजे आष्टीचे वांगे." भाजीवाली म्हणती, तात्या, एकदाच म्हणा, मी बहिरी न्हाई. एका लग्नात आशीर्वादाला माईक देल्ता, तर 'नवरा-नवरी सुखी संसार' चार डाव म्हणून झालं, पाचव्याला नवरदेवाच्या मामानं माईक काढून घेतला.

मला तात्याचं हसू येतं, पण तेच्या आधी लेकराचं भेव येतं. माझं लेकरू पाच महिन्याचं, आमचे हे शहागडला टायरच्या दुकानात, आठ दिसाला येतेत, घरात मोठं मानूस न्हाई, आन मला लेकराच्या समद्याचंच भेव. शिंकलं तरी. लै येळ न्हाई शिंकलं तरी. एक दिवस तेला उचकी लागली ती थांबंना, मी वराडले, तात्या पळत आले, मला वाटलं पाणीबिणी आणलं, तर हातात वही.

"पोरी, आता मोबाइलमधी शोधायचं असलं तर काय टाइप करशीन? बराबर सांग."

मी रडून राह्यले, लेकरू उचक्या देऊन राह्यलं, आन हे पेन धरून उभे. मी म्हणलं, "लेकराला उचकी लागली थांबंना मरन का ते."

तात्यानं जसंच्या तसं लिहून घेतलं. 'मरन का ते' बी. मंग दवाखान्यातल्या नर्सबाईला इचारून आले, उचकीनं काई होत न्हाई म्हणे, बिलकुल घाबरू नको. तवर उचकी थांबलीबी होती.

तवापासून हेच. हिरवी शी झाली, टाळू उडायली, झोपीत हसलं, मी घाबरले की भिंतीवर तात्याची टकटक, काय टाइप केलं? म्हणलं तात्या, मी आठवी शिकल्याली, माझे शब्द काय लिहिता, डॉक्टरचे लिहा. तर म्हणले, "घाबरल्यावर समदे आठवीच शिकल्याले असतेत."

एक दिवस तेंचा ब्लॉग उघडून पाह्यला, तर माझीच भेवं एकाखाली एक मांडल्याली, समद्या गावानं वाचावी अशी. मला राग आला. भांडायलाच गेले. म्हणलं, तुमच्या घरात तुमी एकटे, तुमाला लेकराबाळाचा नाद कशापायी?

तात्यानं मोबाइल पुढं केला. ब्लॉग कोणत्या गावात वाचला ते तेच्यात दिसतं. पुण्याच्या नावापुढं भोपळा, तिथं कुणीच वाचला न्हाई.

"नात हाय मला," म्हणले. "तुझ्या लेकरापेक्षा दोन महिन्यानं ल्हान."

तेंच्या लेकीनं, वर्षानं, पसंतीनं लगीन केलं आन पुण्याला गेली, तवा तात्या म्हणले होते, या घरी फोन करू नको. तिनं ऐकलं. पयलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तिचं तिकडंच झालं, तात्याला पाव्हण्याकडून कळालं. नातीसाठी शिवल्याली कुंची पेटीत घडी करून ठेवल्याली. आपण होऊन फोन करायला तोंड न्हाई म्हणे.

"पण लेकराला उचकी लागली तर तीबी मोबाइललाच इचारीन ना. तुझं भेव आज, तिचं दोन महिन्यानं. तवर मला शोधल्यावर येतं त्या पयल्या पानावर पोचायचंय."

मंग म्हणलं, तात्या, माझे आबा एक डाव माझ्यावर रुसून बसल्ते, तवा मी एक टाइप केल्तं. सांगू का?

तात्यानं वही उघडली.

"बाप बोलत न्हाई काय करू."

तेबी जसंच्या तसं लिहून घेतलं. संध्याकाळी मी ब्लॉग उघडला. वर माझेच शब्द. खाली मधी कीवर्ड न्हाई, शेवटी न्हाई, आष्टीबी न्हाई. एकच ओळ होती: 'फोन लाव बाई, मी उचलतो.'

ते पयल्या पानावर गेलं का मला समजत न्हाई. आताशा कुणाचाबी फोन आला की तात्या जल्दी ठेवतेत, लाइन मोकळी पायजे म्हणे. चार्जिंगला मोबाइल लावला तर बोर्डापाशी स्टूल घेऊन बसतेत. काल लेकराला पयला दात दिसला, मी उड्या मारीत भिंत बडवली, तर तात्या पलीकडून म्हणले, "हळू पोरी. रिंग ऐकू यायची न्हाई."