नाडी सांगून, श्वास चोरून

भोईर मॅडमनी हात धरला की तो दोन मिनिटांनी सुटतो. पनवेलच्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत आहे. फराळाचं ताट घेऊन गेलेला असो की लिफ्ट बंद असल्याची तक्रार सांगायला आलेला, मॅडम मनगट धरतात आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघतात. सेक्रेटरी एकदा पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला गेले होते. "नाडी ब्याण्णव, श्वास बावीस. आधी बसा, जिने चढून आलात," एवढं ऐकून परतले. टाकीचा विषय राहिला.

मॅडम, म्हणजे शोभा भोईर, नर्सिंग कॉलेजात शिकवतात. मूळच्या पनवेलजवळच्या ओवे गावच्या. वर्गात त्यांची मराठी पुस्तकी असते, राग आला की गावची बोली, ओवे बोलू लागतं. त्यांचं एक वाक्य हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे: "नाडी सांगून मोजायची, श्वास चोरून मोजायचा." कारण सोपं आहे. श्वास मोजतेय असं सांगितलं की माणूस नीट श्वास घ्यायच्या कामाला लागतो आणि आकडा बिघडतो. म्हणून एक मिनिट नाडी मोजायची आणि मनगट तसंच धरून ठेवायचं. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चालली आहे. तेवढ्यात छातीची वरखाली पूर्ण मिनिटभर मोजून घ्यायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या मुलीला त्या विचारतात, "सप्तपदीचं एक पाऊल टाकून साताने गुणशील काय ग?"

समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहतात. यजमान गेले. मुलगीही नर्स, ती आयर्लंडला. व्हिडिओ कॉलवर मॅडम तिचाही श्वास मोजतात. "नेट अडकलं की लेकीचा श्वास शून्य," त्या सांगतात, "आणि माझी नाडी एकशेदहा."

गेल्या वर्षी माझी आई तापाने हॉस्पिटलात होती. वय एक्याऐंशी. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि उद्या घरी न्या, असं सांगण्यात आलं. त्याच दुपारी मॅडम विद्यार्थिनींची तुकडी घेऊन वॉर्डात आल्या. आईजवळ बसल्या, मनगट धरलं, सुकटीच्या भावाची चौकशी केली. दोन मिनिटांनी उठल्या. "काकू, जरा उंच बसा हां, पाठीला उशी लावते." मग सावकाश दारापर्यंत गेल्या. दाराबाहेर गेल्यावर त्या धावल्या. आईला ते दिसलं नाही, मला दिसलं.

श्वास अठ्ठावीस होता. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. म्हाताऱ्या माणसात ताप उतरूनही तो आत वाढत राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आईच्या कागदावर तीन दिवस, दर वेळी, श्वास वीस लिहिला होता. लिहिणारी प्रणाली नावाची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. मॅडमनी तिला कॉरिडॉरमध्ये उभं केलं.

"काकू वीस. बाजूची वीस. खिडकीजवळची पण वीस. आख्खा वॉर्ड लेझीम खेळतोय काय ग?"

"मॅडम, नॉर्मल वाटत होत्या..."

"वाटलं ते लिवायचं नाय. मोजलं ते लिवायचं. उद्या यांना घरी पाठवलं असतं ना, तर परवा तुझ्या विसाचं काय केलं असतं?"

प्रणाली रडू लागली. मॅडमनी तिचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "एकशेचार. पाणी पी. मग काकूंजवळ बस. दर पंधरा मिनिटांनी, पूर्ण मिनिट."

दहा दिवसांनी आई घरी आली. मॅडम रोज संध्याकाळी सहाला येऊ लागल्या. चपला काढायच्या, आत येऊन हॉलमधल्या आईच्या पलंगाच्या कडेला बसायच्या, हात धरायच्या. "बावीस," त्या म्हणायच्या. "किंचित जास्त हाय. उद्या परत बघते."

महिनाभर बावीसच. मला काळजी वाटू लागली. आईला डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसं स्वच्छ, श्वास सोळा. रिक्षात मी आईला विचारलं.

"शोभा मोजत असते तेव्हा मी जरा भरभर घेते," आई म्हणाली.

"तुला कसं कळतं त्या कधी मोजतात?"

"वॉर्डात माझ्या उशाशी उभी राहून पोरींना शिकवत होती. मी काय बहिरी आहे?"

"पण का?"

"सोळा झाला की यायची थांबेल. रिकाम्या घरात जाऊन करणार काय ती?"

मॅडम उगाच काळजीत राहू नयेत म्हणून त्याच संध्याकाळी मी त्यांना जिन्यापाशी गाठलं आणि खरं सांगून टाकलं.

"माहीत हाय मला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्समधून छोटी वही काढली. रोजची नोंद होती. सोळा, सोळा, सतरा, सोळा. "दारात चपला काढतानाच मोजते मी. काकू तेव्हा टीव्ही बघत असतात."

"आणि बावीस?"

"ते काकूंना सांगायचं. लिहायचं नाय."

"मग आत येऊन हात कशाला धरता?"

मॅडमनी वही पर्समध्ये ठेवली, स्वतःच्या दाराचं कुलूप काढलं, आत हात घालून दिवा लावला.

"काकूंचा हात गरम असतो," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सहाला बेल वाजली. मी दार उघडलं. मॅडमना चपला काढायला पूर्ण एक मिनिट लागलं. तेवढा वेळ आईने टीव्हीवरची नजर हलवली नाही. मग तिने रिमोट बाजूला ठेवला आणि मनगट पुढे केलं.