उकंडरावांचं ॲव्हरेज

उकंडराव ढोके बाहेरून आले हे आमच्या गल्लीत सगळ्यांना कळायचं. ते घरात कधी शिरले, हे मात्र कुणालाच कळायचं नाही. कारण दारासमोर पिकप उभी केली तरी ते उतरायचे नाहीत आणि इंजिनही बंद करायचे नाहीत. हात स्टिअरिंगवर, नजर समोर, आणि गाडी आपली गुरगुरत उभी. आमच्या ओट्यावर वाळत घातलेल्या कुरड्यांना डिझेलचा वास लागायचा, तरी माझी बायको त्यांना काही बोलायची नाही. मी साधी बिडी ओढली तर मला गच्चीवर पाठवते.

"भाऊ, बंद करा ना गाडी," मी एकदा म्हटलं. "फुकटचं डिझेल जाऊन राहिलं."

"टर्बो हाय, दिलीप," उकंडराव खिडकीतून म्हणाले. "तिले दम घेऊ द्या लागते."

टर्बो म्हणजे इंजिनाला जोडलेली एक फिरकी. ती धुराच्या जोरावर गरगर फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते, म्हणून लहान इंजिनही मोठ्याचं काम करतं. लांबून आल्यावर ती तापलेली असते, तेव्हा थोडा वेळ इंजिन चालू ठेवून मग बंद करावं, हे खरंच आहे. आमचा मेकॅनिकही तेच सांगतो. पण मेकॅनिकचा दम म्हणजे तंबाखू चोळून तोंडात टाकेपर्यंतचा. उकंडरावांच्या दमात आमच्या घरी कुकर लावून, उतरवून, वरणाला फोडणी बसायची.

वर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "घरातली सून अन् गाडीतला टर्बो, दोघायचं एकच. आल्या आल्या कामाले लावू नाई, अन् गेल्या गेल्या दार लावू नाई." हे त्यांनी गॅरेजात, पंपावर, बाजार समितीत, एवढंच काय, एका मयतीत सुद्धा सांगितलेलं आहे. लोक हसतात आणि आपापल्या गाड्या बंद करून चहाला जातात.

आता तुम्ही म्हणाल, दारात उभं राहून एवढं डिझेल जाळणाऱ्या माणसाच्या गाडीचं ॲव्हरेज काय असणार? तिथंच तर माझं काळीज जळतं. आम्ही दोघांनी एकाच दसऱ्याला, अमरावतीच्या एकाच दुकानातून, एकाच कंपनीच्या पांढऱ्या पिकप घेतल्या. दोन्हींना टर्बो, दोन्हींना एकाच माळ्याकडचे हार. दोघंही परतवाड्याहून शेवंती, झेंडू, वांगी, जे असेल ते अमरावतीला नेतो. रस्ता तोच, खड्डे तेच. आणि त्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा जास्त ॲव्हरेज देते. थोडंथोडकं नव्हे, पंपावरचा पोऱ्या माझ्याकडं बघून 'च्‌ च्‌' करतो इतकं.

बरं, गाडी बिघडतही नाही. माझ्या गाडीचा टर्बोचा पाइप दोनदा फाटला, एकदा तर वलगावजवळ भर उन्हात. मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलो होतो आणि उकंडराव बाजूनं सावकाश निघाले. थांबले, पाणी दिलं, पाइपाला पट्टी बांधून दिली, सगळं केलं. पण जाताना माझ्या गाडीच्या बॉनेटवरून असा हात फिरवला, की मला पाण्याचा घोट कडू लागला. मी गाडीचा नवरा आणि हे तिच्या माहेरचे, असा तो हात होता.

त्यांचं बघून मी सगळं केलं. टायरात हवा तेवढीच ठेवली. वरची ताडपत्री काढली. उकंडराव गाडी अनवाणी चालवतात, "पायाले कळलं पायजे किती दाबून राहिलो," म्हणतात, म्हणून मीही चप्पल काढून गाडी चालवली. चप्पल घराच्या पायरीवरच राहिली आणि अमरावतीच्या मार्केटात मी दिवसभर अनवाणी हिंडलो. अडत्याला वाटलं मोझरीच्या आश्रमात काही नवस बोललो आहे. त्यानं मला हात जोडले. ॲव्हरेज होतं तेवढंच राहिलं.

"सांगा ना भाऊ, करता काय तुमी?" शेवटी मी लाज सोडून विचारलं.

"काई नाई रे बापा. गाडी अशी चालवाची का मांगं वरनाचा गंज ठेवला हाय अन् घरचे जेवाचे हायेत."

गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. पूर्वी ते लग्नांत आचाऱ्यांची भांडी आणि स्वयंपाक पोचवायचे, त्यातलं हे शहाणपण. मला वाटलं, खरं गुपित सांगायचं नाही म्हणून वरणावर भागवलं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शिका काई त्यायच्यापासून." त्या दिवशी मी वरण घेतलं नाही.

एका बाबतीत मात्र माझं पारडं जड होतं, आणि ते मी मनातल्या मनात अधूनमधून तोलून पाहायचो. उकंडरावांच्या घरी कुणी नव्हतं. बायको मुलगा शाळेत असतानाच गेली. सचिनला त्यांनीच वाढवलं, लग्न केलं, पूनम सून म्हणून आली. लग्नसराईचे दिवस होते, झेंडूला भाव होता. अंगावरची हळद उतरली नव्हती तर उकंडरावांनी तिला पहाटे फुलं तोडायला मळ्यात नेली, आणि मग रोजच नेली. तिला कसल्याशा नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता. शब्दानं शब्द वाढला. सचिन तिला घेऊन अकोल्याला निघाला, आणि त्यांचा सामानाचा टेम्पो गल्लीच्या वळणावर पोचला नव्हता तोच उकंडरावांनी दार असं आपटलं, की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. तेव्हापासून "पोरगा कसा आहे?" म्हटलं की "मजेत हाय," एवढंच. माझ्या घरी मात्र मुलगा, सून, नातू असे भरलेले. ॲव्हरेज नसलं म्हणून काय झालं, असं मी स्वतःला समजवायचो. पंपावर गेलं की ते समजावणं पुरत नसे.

मग अकोल्याचे मदनशेठ मधे आले. फुलांचे मोठे व्यापारी. त्यांना परतवाड्याहून रोज फुलं आणायला एक गाडी कायमची लावायची होती. असा कायमचा फेरा म्हणजे आमच्या धंद्यात सरकारी नोकरी. परतीचा माल शोधायला नको, अडत्याच्या पाया पडायला नको. माझ्या मुलानं तर त्या भरवशावर दुसऱ्या गाडीची स्वप्नं पाहायला सुरुवात केली.

शेठ आमच्या गाड्या पाहायला आले ते स्वतःच्या हायब्रिड पिकपमधून. कुणा मेव्हण्यानं मुंबईकडून आणून दिलेली, बॅटरी आणि इंजिन दोन्हींवर चालणारी. थांबली की इंजिन आपोआप बंद, निघाली की मांजरीसारखी बिनआवाजाची. मी तोंडभरून कौतुक केलं. उकंडरावांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"थांबली का बंदच होते?"

"हां, खुद से. तेल बचता है," शेठ म्हणाले.

"अन् आवाजबी नाई? मंग गाडी दारात आली हे घरच्यायले कसं कळीन, शेठ?"

शेठना काही समजेना. मला आनंद झाला. म्हटलं, गिऱ्हाइकाच्या गाडीला नावं ठेवली, संपला हा माणूस. पण शेठ धंद्याचे पक्के. त्यांनी सांगितलं, दोघांनी परतवाड्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, सारखाच माल घ्यायचा आणि अकोल्याला मार्केटाजवळच्या पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. ज्याला कमी डिझेल लागेल आणि ज्याची गाडी वेळेवर पोचेल, फेरा त्याचा.

त्या सकाळी मी उकंडरावांच्या मागेच राहिलो. ठरवलं होतं, ते करतील ते करायचं. ते गिअर बदलतील तिथं मी बदलला. अंजनगावच्या पुढं त्यांनी ऊस-ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं नाही, मीही केलं नाही. मागचे लोक आम्हाला शिव्या देऊन पुढं गेले. अकोटला त्यांनी चहा घेतला नाही, मीही जीभ चावून बसलो. मनात हिशेब एकच, हा माणूस आज चुकला पाहिजे.

आणि तो चुकला. अकोल्यात शिरता शिरता, अकोट रोडच्या एका नव्या वसाहतीपाशी उकंडरावांनी गाडी आत वळवली. मीही वळलो. एका गल्लीच्या तोंडाशी ते थांबले, आणि बसले तसेच. इंजिन चालू. मी माझी गाडी मागं लावून लगेच बंद केली. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. स्पर्धेच्या दिवशी, फुलं मागं असताना, उकंडराव दम देत बसले होते!

बराच वेळ गेला. मी आरशात माझा आनंदी चेहराही पाहून घेतला. मग वाटलं, एवढा दम कशाला? माझ्या देखत ते सावकाश आले होते, टर्बो काही एवढा तापला नसणार. उतरून त्यांच्या खिडकीशी गेलो. त्यांचं लक्ष गल्लीतल्या तिसऱ्या-चौथ्या घराकडं होतं. फाटकावर तुळशीच्या कुंड्या, दोरीवर वाळणारं लहान बाळाचं झबलं. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. सचिनला बाळ झाल्याचं गल्लीत कधीतरी कानावर आलं होतं.

"रोज येता अथी?" मी विचारलं.

"अकोल्याकडं आलो का येतो."

"मंग बंद करा ना गाडी. काहून चालू ठेवता?"

उकंडरावांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "बंद केली त उतरा लागते ना, बापा."

इंजिन चालू आहे तोवर माणूस नुसता थांबलेला असतो, निघूही शकतो. दारासमोरही तेच चालायचं, आता लक्षात आलं. तिथं बंद केली की रिकाम्या घरात शिरावं लागायचं, इथं बंद केली की भरल्या घरात. त्यांना दोन्ही जमत नव्हतं. आणि इतकी वर्षं मी ह्या माणसावर जळत होतो. तो झबल्याकडं ज्या नजरेनं बघत होता ना, ती नजर माझ्या ओळखीची होती. मी पंपावर त्यांच्या मीटरकडं तसाच बघायचो.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मी खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली.

इंजिन बंद पडल्यावर त्या गल्लीत एवढी शांतता झाली, की कुठल्यातरी घरातला मिक्सर ऐकू आला. "काय केलं रे तू हे," उकंडराव म्हणाले आणि चावीसाठी हात पुढं केला. चावी मी पाठीमागं धरली. तेवढ्यात त्या घराचं दार उघडलं. कडेवर बाळ घेऊन पूनम बाहेर आली. ती धावली नाही, रडली नाही. फाटकापर्यंत आली आणि तिथूनच सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, आज बंद कशी झाली गाडी? बिघडली का? आवाज थांबला म्हणून पाह्यले आली."

म्हणजे प्रत्येक वेळी तिनं तो आवाज ऐकला होता.

उकंडराव अनवाणीच उतरले. चप्पल घाला म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते फाटकापर्यंत पोचले होते.

मी चावी त्यांच्या सीटवर ठेवली आणि माझी फुलं घेऊन शेठकडं गेलो. उकंडराव चांगले उशिरा आले, शेवंती कोमेजलेली, शर्टाच्या खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग. पंपावर दोघांच्याही टाक्या भरल्या. आणि सांगतो, एवढा वेळ गाडी चालू ठेवूनही त्यांना माझ्यापेक्षा कमी डिझेल लागलं. मी पंपवाल्याला पुन्हा बघायला लावलं. मीटर बरोबर होतं.

"एव्हरेज इनका, टाइम आपका," शेठ म्हणाले. "फूल को टाइम पे आना माँगता है." फेरा मला मिळाला. उकंडरावांनी मला जोरात पाठीत थाप मारली, आणि हरलेला माणूस इतका खूश पाहून माझ्या जिंकण्याची गोडीच गेली.

आता ते दारात गाडी उभी करतात आणि लगेच बंद करतात. "अन् टर्बोचा दम?" मी एकदा डिवचलं. "घेतला तिनं," म्हणाले आणि आत गेले. बायकोच्या कुरड्यांना आता डिझेलचा वास लागत नाही.

मी रोज अकोल्याला जातो. परतताना त्या वसाहतीच्या तोंडाशी पूनम उभी असते, तिची ड्युटी असली तर सचिन. हातात डबा. "मामाजीले द्या, काका. कढी हाय, सांडू देजा नका." इतकी वर्षं माझ्या घरात सून आहे, मला बाहेरगावी कुणी कढी पाठवलेली नाही. जळत जळत मी तो डबा सीटवर माझ्या बाजूला ठेवतो, आणि परतवाड्यापर्यंत खड्डा आला की पाय आपोआप उचलतो, ब्रेक हळूच लावतो, कुणाला ओव्हरटेक करत नाही.

परवा पंपावरचा पोऱ्या मीटर बघून म्हणाला, "काका, गाडी सुधरली तुमची."