म्हशीच्या भरवशावर गोपनीयता

आठ दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत पाणी कधी सुटणार ही बातमी गोपनीय असते. टाकीवरून वायरलेसवर हुकूम सुटायचा, लाईनमन पुंजारामनं व्हॉल्व्ह फिरवायचा. पण गल्लीवाल्यांनी भंगारातून एक सेट आणला अन् हुकूम ऐकायला लागले. पुंजाराम पोचायच्या आत घागरी रांगेत. ऑफिसची पार इज्जत गेली.

म्हणून पाणीपुरवठा ऑफिसच्या अभय साहेबांनी नवी यंत्रणा आणली. कुलूप नाय, किल्ली नाय. चौफेर हवेत नुसता खरखराट सोडायचा अन् एकाच जागी आवाज स्वच्छ ठेवायचा. ती जागा मोजली, तिथं फरशी बसवली, पिवळी रंगवली. पुंजारामनं तिच्यावर उभं राहून ऐकायचं.

मोजणीच्या दिवशी बाजूला गल्लीतल्या गोजरबाईची म्हैस उभी होती. लहरी तिच्यावर आपटून फरशीवर येत होत्या. ती हलली की सगळं बिघडणार. मग म्हशीची 'यंत्रणेचा अविभाज्य भाग' अशी नोंद झाली. तिनं जागचं हलू नये, असं लेखी पत्र निघालं. गोजरबाईनं ते म्हशीला वाचून दाखवलं.

पाण्याच्या दिवशी पुंजाराम फरशीवर उभा. म्हशीला लागली तहान, ती गेली निघून. सेटमधून नुसतं खर्रर्र. दुपार झाली. त्याच्या घरी सून रूपा पाच दिवसांची बाळंतीण, रांजणात तळाला गाळ. आज पाणी हुकलं की पुन्हा आठ दिवस. बायांनी त्याला घेरलं.

"मामा, हुकूम गेला खड्ड्यात," गोजरबाई म्हणाली. "फिरवा. आमी हाव की पाठीशी."

पुंजारामनं फिरवला.

दुसऱ्या दिवशी चौकशी.

"संदेश कुणालाच ऐकू गेला नाही. यंत्रणेला शंभर टक्के यश," साहेब म्हणाले. "मग तुला कसं कळलं? तू चोरून ऐकलंस."

"मी कायबी ऐकलं नाय साहेब. गल्ली म्हणली म्हणून फिरवला. इचारा त्यांला."

साहेब गल्लीत आले. हुकमाशिवाय पाणी भरल्याचं जो कबूल करेल त्याची पुढची पाळी बंद, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"आमी कशाला काय म्हणू?" गोजरबाई म्हणाली. "आमाला तर पाणी आलेलंबी कळलं नाय." असं म्हणत ती म्हैस धूत होती.

पुंजाराम निलंबित झाला.

हसा तुम्ही. फक्त एवढं सांगा, साहेबांनी तुमचं दार वाजवलं असतं, तर आधी तोंड उघडलं असतं का आधी नळ बंद केला असता?